चावी भरून ठेवू नको

सेलूत स्टेशनाकडून येताना
जिनिंगच्या भिंतीला टेकून दोन दुकानं होती.
एक आमच्या अप्पांचं, मोटारी भरायचं,
आणि एक गौसमियाँचं, ज्याला पाटी नव्हती.
दारात पितळी कर्णा टांगलेला.
चिमण्या त्यात काड्या आणून टाकायच्या,
ते दर शनिवारी काढायचे.
अंडी असली तर मात्र नाही.

परतूरहून, जिंतूरहून, पार वसमतहून मशिनी यायच्या
पोत्यात बांधून, एसटीच्या टपावरून.
आत उंदराचं बाळंतपण, वाळून खडा झालेलं ग्रीस.
गौसमियाँ आधी वास घ्यायचे.
“खोबरेल डाले,” म्हणायचे, “जालिम लोगां.”
मग रॉकेलच्या परातीत एकेक स्क्रू
आणि माझं काम मोजायचं.
सोळा. सतरा.
अठरावा नेहमी हरवायचा.
परकराच्या घडीत सापडायचा,
नाहीतर ते नवा कातायचे
आणि बसवताना म्हणायचे, “अन्सू, ये तेरे नाम का.”
कुणाकुणाच्या माळवदाखाली
माझ्या नावाचे स्क्रू अजून फिरत असतील.

साउंडबॉक्सचं अभ्रक फुटलं
तर जुन्या इस्त्रीतलं काढून लावायचे.
झिजलेल्या तबकडीला पोलादी सुई नाही.
त्यासाठी ओढ्यावरच्या बाभळीचा काटा,
कानशीवर घासलेला, एक डोळा मिटून पाहिलेला.
“इससे दुखता नै उसकू.”
मी तळव्यात मोडलेले काटे आठवायचे
आणि गप्प बसायचे.

मालगाडी आली की काटा उचलायचे.
सगळे डबे जाऊ द्यायचे.
गाडीशी भांडू नये, म्हणायचे, ती बहिरी असते.

एकदा एक मशीन आलं, तबकडीच्याही आधीचं,
मेणाच्या नळीवर चालणारं.
ते ऐकवायचं, आणि ऐकूनही घ्यायचं.
ज्याचं होतं तो परत आलाच नाही.
नळीवरची बुरशी आम्ही तासली,
मेण खोबऱ्यासारखं निघालं.
“बोल कायतरी.”
मी लाजले. मग तेच कर्ण्यात वाकले.

मागच्या पौषात गेले.
रफीउद्दीन नांदेडहून टेम्पो घेऊन आला.
पितळ वजनावर गेलं, लाकूड तसंच.
“तुम्हाला काय पाहिजे ते घ्या, ताई.”
मी मेणाचं मशीन घेतलं
आणि काट्यांची डबी.

नळीत दोन मिनिटं आहेत.
आधी खोकला. मग, “चालू है क्या? हां.
अन्सू, हसू नको, सुई हलते.”
मग मालगाडी.
आयुष्यभर गाडीसाठी काटा उचलणारा माणूस
त्या दिवशी नुसता थांबून राहिला.
डबे जातात, जातात, जातात,
पाठीमागे अप्पा कुणाला तरी चहा सांगतात.
शेवटी गौसमियाँ म्हणतात, “बस.”

पण मेण आहे.
दर वेळी सुई थोडं खरवडून नेते.
मी चारदा ऐकलं.
पहिल्यांदा चहाच्या कपाचासुद्धा आवाज होता.
चौथ्यांदा माझ्या नावातला न गेला होता.
आता ते मला असू म्हणतात.

पाचव्यांदा लावलं नाही.
लेक म्हणते, मोबाइलवर घेऊन ठेव की.
घेईन. त्यासाठीही एकदा लावावंच लागेल.

मशीन मात्र बंद ठेवता येत नाही.
चावी भरून ठेवू नको, स्प्रिंग थकते,
आणि अगदीच सोडून देऊ नको, गंज धरतो,
असं ते सांगायचे.
म्हणून शनिवारी झाकण उघडते,
बावीस फेरे देते,
सुई वर ठेवून सोडते.
नळी फिरते, काही बोलत नाही,
ग्रीसचा वास तेवढा येतो.

तिकडून गाडी येते.
उचलायला काही नसतं.
तरी हात जातो.