उजवीकडचा पट्टा

तिसऱ्या केमोनंतर घरी आणलंत मला
आणि माग बंद केलात.
तिला झोप लागू दे, म्हणालात शेजाऱ्यांना,
दारातच, हलक्या आवाजात.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं,
आपल्या भिंतीवरचं घड्याळ वाजतं.

झोप कुठली.
अख्ख्या वडगावात माग चालू,
समोर मंडोळकरांचे चार, मागं बसाप्पाचे दोन,
आणि आपल्याच घराच्या मधोमध
एवढी शांतता,
मयताच्या घरी चूल न पेटवता ठेवतात तशी.
मी अजून आहे की हो.

केस गेले त्या दिवशी
न्हाणीतून तुम्ही ते उचललेत,
फणीत अडकलेलं सूत काढतात तसे,
चिमटीनं, न तोडता.
बोलला काहीच नाहीत.
मग बाहेर जाऊन किती तरी वेळ सायकल पुसत बसलात.
सायकल तर दिवाळीपासून पंक्चर आहे.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर सौंदत्तीकडची नीलव्वा.
तिचं कन्नड माझ्या कन्नडहून लांबचं,
माझं तिला अर्धंच कळायचं.
सलाइन लावून झालं की दोघी
एकमेकींना भाज्यांचे भाव सांगायचो.
एकदा ती म्हणाली, साकाय्ता?
पुरे झालं का गं?
मी म्हटलं, इन्नू इल्ला. अजून नाही.
आणि अशा हसलो की सिस्टर धावत आली.

अनुसया पुण्याहून रोज रात्री आठला फोन करते.
आई, पॉझिटिव्ह राहा, म्हणते.
त्याच शब्दानं तर सुरू झालं होतं सगळं.
मग मी तिला सांगते, बोलू नको,
फोन नुसता चालू ठेव ओट्यावर.
तिकडं कुकरची शिट्टी होते,
नातवाला ती रागावते,
नळाचं पाणी कशावर तरी पडत राहतं.
तेवढं ऐकलं की पेज पोटात राहते.

भेटायला येणारे म्हणतात, आयुष्य म्हणजे धागा.
कधी मागावर न बसलेली माणसं!
दिवसाला शंभरदा तुटतो धागा.
बोटाला थुंकी लावायची, गाठ मारायची, पुढं जायचं,
त्यात सांगण्यासारखं काय आहे?
शकुंतला तसलं काही बोलत नाही.
येते, कांड्यांची पाटी पुढ्यात ओढते,
हिरवं सूत भरता भरता
नवऱ्याच्या तक्रारी सांगते.
परवा कुंदा घेऊन आली.
मला लोखंडाची चव लागली, तसं सांगितलं.
बरं झालं, म्हणाली,
आणि सगळा स्वतः खाल्ला.

काल दुपारी मीच म्हटलं, माग लावा.
त्रास होईल तुला.
होऊ दे.
वीज होती. बटण दाबलंत.
भिंत हलली, खाट हलली, तांब्यातलं पाणी हललं,
आणि छातीची जी बाजू आता सपाट आहे
तिथल्या बरगड्यांपर्यंत
येऊन पोचला तो ठोका.
मी डोळे मिटले.

पाचेक मिनिटं गेली असतील.
मग आतून ओरडले,
एवढा आवाज अजून आहे हे मलाच माहीत नव्हतं,
अहो, उजवीकडचा पट्टा सैल झालाय,
धोटा उशिरा पोचालाय!

माग थांबला.
पाना पडल्याचा आवाज आला, मग शिवी,
मग, होय की गं, कळालंय मला!
महिन्याभरात पहिल्यांदा
माझ्यावर चिडलात.

पुन्हा सुरू. आता बरोबर.

पुढची तारीख बावीस.
तोवर ही साडी मागावरून उतरायला पाहिजे.
आणि हो, उद्या सकाळी
उजेडात दोन-तीन रंग आणून दाखवा,
पदराचं अजून ठरायचंय.