क्षमता

बार्तांगच्या खोऱ्यात जीप जिथे थांबते
तिथून दीड तास चालल्यावर वोरुद.
खात्यानं मला एक तक्ता दिलेला,
एक ड्रोन, आणि बूट, एक नंबर मोठे.
तक्त्याच्या माथ्यावर: पर्यटन-क्षमता.
खाली चौकटीच चौकटी.

निसर्गसौंदर्य, एक ते पाच.
मी पाच लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो,
कारण समोरचा राखाडी कडा तेवढ्यात
जांभळा झाला.
आता काय, सहा?

सावसनबेगिमनं चहा आणला, दुधाचा, खारट,
वर लोण्याचा पिवळा डोळा.
"बस," म्हणाली. मग आठवून, इंग्रजीत, पाढा म्हटल्यासारखं:
आमच्या घरी आपलं स्वागत असो.
तालुक्याला दोन दिवसांचं शिबिर झालं होतं.
तिथे शिकवलेलं हसू तिनं करून दाखवलं
आणि मग स्वतःचं हसली.

रस्ता?
"जूनमध्ये नदी नेते. ऑगस्टपर्यंत आम्ही परत आणतो."
फोन?
"त्या खडकावर चढलं की मॉस्को लागतं.
दुसरं काही लावून पाहिलं नाही."
वरच्या खिंडीचं नाव?
"मिर्झोनाबोत-परत-फिरला."
कुठे निघाला होता?
"ते कुणालाच ठाऊक नाही.
का फिरला ते सगळ्यांना ठाऊक आहे."
सांगितलं मात्र नाही.
चौकटीत एवढं मावेना, मी लिहिलं:
पॅनोरमा पॉइंट क्रमांक दोन.
तिनं वाचून घेतलं माझ्याकडून,
बराच वेळ गप्प राहिली.
"मग एक कुठला?"

दुपारी ड्रोन उडवला. पाच मुलं धावली,
एक कुत्रा भुंकून भुंकून दमला.
पडद्यावर एकतीस छपरं,
काहींवर वाळत घातलेल्या जर्दाळूंचे भगवे चौकोन.
धूर नऊ ठिकाणी.
म्हातारा नाझारशो म्हणाला, पुन्हा दाखव.
पुन्हा दाखवलं.
तो बोटानं एकेक छप्पर मोजत गेला,
नावं घेत.
धूर नसलेल्यांचीही.

खाटा किती?
खाटा नव्हत्या. पाच खांबांचं घर, मातीचे ओटे,
भिंतीशी छतापर्यंत रचलेल्या दुलया.
ती एकेक उतरवू लागली.
ही थोरल्याची, अकरा वर्षं झाली, बांधकामावर आहे.
ही धाकट्याची. ही सुनेची, तीही मागून गेली.
या दोन पुतण्यांच्या. ही दिराची.
ही जुळ्यांची, दोघांत एक, लाथा मारायचे एकमेकांना.
एका निळ्या दुलईपाशी थांबली.
"ही धरू नकोस."
मग, कडा सारखी करत:
"नाही, धर. धुतलेली आहे."
आठ झाल्या.
"आठ माणसं सहज मावतील," म्हणाली,
"नऊही मावायची."

मी लिहिलं: आठ.

रात्री तिनं मला निळीच दिली.
छताच्या चौकोनातल्या चौकोनातल्या चौकोनातून
एवढे तारे आत आले
की ब्रोशरसाठी वाक्य सुचू लागलं,
आणि मला माझीच लाज वाटली,
आणि वाक्य चांगलं होतं.

सकाळी पन्नास सोमोनी मागितले तिनं
भिंतीकडे बघत, शिबिरात शिकवलं तसं.
दिले. पदराआड घडी करून ठेवले.
मग दाराशी बूट घालायला बसलो
तर टाचेपाशी आवळ, पुढे मऊ.
दोन्ही बुटांच्या टोकांत कच्ची लोकर कोंबलेली.
"काल चालताना आवाज येत होता," एवढंच बोलली.

"येतील का?" तिनं विचारलं.
"येतील," मी खात्याच्या आवाजात म्हणालो.
ती खडकाकडे पाहत होती,
त्यावर फोन उंच धरून कुणीतरी उभं होतं.

उतारावर चारदा थांबलो.
तीनदा फोटो काढले.
तक्ता दुशान्बेला वेळेत पोचला, शिक्क्यासह, पूर्ण.
फक्त वरिष्ठांचा एक फोन आला:
यादी दोनपासून का सुरू होते?