सिमेंट नको

या वेळी ऑफिसनं सिमेंट पाठवलंच नाही.
नुसती खडी.
वेन्डल म्हणाला, भर आणि ठोकून घे, डेल्बर्ट,
उपटायला बरं.

मागचं सिमेंट फोडताना माझे दोन दिवस गेले,
कुदळीचा दांडा, आणि उजवा खांदा.

खड्डा तोच. कोरड्या ओढ्याच्या काठी,
म्हाताऱ्या जुनिपरपासून नऊ पावलं.
आधी हद्द इथे नव्हतीच,
पार त्या लाल पठारापलीकडे होती.
मग दोन हजार मैलांवर कुणी पेनाचं टोपण काढलं
आणि हद्द चालत इथवर आली.
पुढच्या पेनानं तिला परत धाडलं.
आता ती पुन्हा आलीय,
आणि मी तिच्यासाठी खड्डा साफ करतोय.

कायदा जेमतेम पानभर.
वेन्डलच्या गाडीत झेरॉक्स आहे, काचेखाली उन्हानं पिवळी.
राष्ट्राध्यक्षानं जमीन राखून ठेवावी,
लागेल तेवढीच.
राखलेली सोडता येते का, याबद्दल
चकार शब्द नाही.
वकील त्या न लिहिलेल्या ओळीवर जगतात.
मीही. तासाला एकवीस डॉलर.

खांबाच्या आत आता जुनिपर, एक संडास,
आणि अर्धी कपार.
बाहेर युरेनियमवाल्यांच्या निळ्या फिती फडफडतात,
आणि कपारीचं उरलेलं अर्ध,
जिथे मातीचं कोठार आहे:
डोकं जाईल न जाईल एवढं दार,
आत बोटाएवढी कणसं.

एल्वामावशी तिकडे फिरकत नाही.
गेलेल्यांच्या घरात डोकावू नये.
ती पिन्यॉनच्या बिया वेचत
खांबाच्या या अंगानं, त्या अंगानं जाते,
पाटीकडे बघतही नाही.
वाचून दाखवू का, मी एकदा विचारलं.
म्हणाली, थांब की. बदलेल.

मी मात्र गेलो होतो. तिला सांगितलं नाही.
टॉर्चच्या उजेडात, लिंपलेल्या मातीत
एक अंगठा उमटलेला.
लहानसा. बाईचा असेल, किंवा पोराचा.
आठशे वर्षं तो तिथेच आहे,
लिहिता न येणाऱ्याची सही,
कुणी रद्द न केलेली.
मी माझा त्यावर ठेवला नाही.
नुसता जवळ धरला, हवेत.

खडी भरली. खांब ठोकला.
हलवून पाहिला. हलतो.
वेन्डल म्हणाला, चालेल.