कारणाशिवाय सूट नाही

मार्चअखेर गोत्रीच्या ऑफिसात
एकशे बारा दूधमंडळ्यांचा हिशेब जुळेना.
फरक चार हजार सातशे एक रुपये, तीस पैसे.
चोरी नव्हती. चोरी असती तर बरं,
बोट दाखवायला कुणीतरी मिळालं असतं.
इथे प्रत्येक फाइल पैशाला आपापल्या परीने गोल करत होती,
एक वर, एक खाली,
एक लहर लागेल तशी,
आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच.

साहेब म्हणाले, शिरोळेबेन, सगळ्यांना सांगून ठेवा.
सांगून ठेवलेलं कोण ठेवतं?
आठ वर्षांत तीनदा सांगून ठेवलंय,
त्यातलं एकदा स्वतःला.
म्हणून नियम लिहायला बसले.

निर्झरीने विचारलं, दीदी, लिंट एटले शुं?
म्हटलं, काळ्या पँटीला टॉवेलचा भुरा चिकटतो ना, तो.
फाटलेलं काही नसतं. कपडा चालतो.
कुणी उजेडात उभं केलं की मात्र लाज वाटते.
ती हसली,
आणि हसता हसता ओढणी झटकली.

कोडाचं आतून एक झाड असतं.
वडाच्या नावाच्या गावात हे फोड करून सांगायला नको.
नियमाने त्या झाडावर चढायचं,
फांदीफांदीला विचारायचं,
तू कोण? बेरीज? बरं, जा.
तू? नुसतं नाव? जा.
तू? गोल करणारी?
थांब. कुणाला गोल करतेस?

एवढंच. पस्तीस ओळी.
संदेशाला मात्र तासभर गेला.
आधी लिहिलं, ‘हे चूक आहे.’ खोडलं.
मग, ‘असं का केलंत?’
शाळेतल्या बाई आठवल्या, खोडलं.
शेवटी, ‘पैसा इथे गोल करू नका, हिशेबाच्या फाइलीत त्याची जागा आहे,’
चपला इथे काढू नका, मांडणी पलीकडे आहे,
त्या सुरात.

चालवला.
सहाशे अडतीस ठिकाणी लाल.
पहिलंच माझं, सात वर्षांपूर्वीचं,
वर माझीच कमेंट: ‘तात्पुरतं’.

दोन आठवडे गेले. एक लाल उरलं.
हसितभाईंची फाइल. ते आता निवृत्त, कारेलीबागेत.
ओळीच्या डोक्यावर लिहिलेलं: आने अडशो नहीं.
हात लावू नका. का, ते नाही.
नियमाला गुजराती येत नाही,
मराठीही नाही.

फोन केला. मागे क्रिकेटची कॉमेंट्री.
आधी माझा गुडघा, मग मुलाची दहावी, मग ओळ.
म्हणाले, पन्नास रुपयांच्या आतली पावती
नेहमी वरच्या रुपयाला न्यायची. मंडळीचा ठराव आहे,
कागद कुठेतरी असेल.
पादऱ्याकडच्या एक मासी, शेर-दीड शेर दूध भरणाऱ्या,
पावती रोज दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या.
सत्तेचाळीस रुपये त्रेसष्ट पैसे असं कुणी वाचलं
की तिथेच उभ्या राहायच्या,
त्रेसष्ट पैसे कुठे आहेत ते बघायला.
रांग अडायची.
मग एक दिवस, म्हणाले, मीच अठ्ठेचाळीस केले.

सूट द्यायची सोय असते.
ओळीच्या वर लिहायचं, पुढच्या ओळीपुरतं गप्प राहा.
पण दुसरा नियमही मीच केलेला, त्याच सकाळी, जरा चिडून:
कारणाशिवाय सूट नाही.
कर्सर लुकलुकत राहिला.
‘जुना कोड’ लिहिलं असतं तरी चाललं असतं,
नियम फक्त रिकामं नाही एवढंच बघतो.

लिहिलं:
‘कारण: मासी उभ्या राहतात.’
हसितभाईंची ओळ होती तशी ठेवली, त्याच्याही वर.
पुन्हा चालवला.
शून्य.

निर्झरी खांद्यावरून वाचत होती.
अजून राहतात उभ्या? तिने विचारलं.

ते विचारायचं राहिलं.