कातळपाडा मुक्कामी

शहापूर स्थानकाच्या फलकावर
सगळ्यात खालची ओळ कातळपाड्याची.
तिच्याखाली भिंत संपते,
आणि तिकडे, गाडी वळायची त्या चिंचेपाशी,
आपला जिल्हाही.
पुढे नुसता कडा.
कड्यावर नगरकडची माणसं,
त्यांच्या लेकी खाली दिलेल्या, खालच्या वर.
येणंजाणं नाळेनं, पायी.
त्याचं वेळापत्रक माझ्याकडे नाही.

मी वाहतूक नियंत्रक. बावीस वर्षं
शिट्टी, नोंदवही,
आणि ही एक जादाची कामगिरी:
फलक अद्ययावत ठेवणे.
लेखी आदेशात एवढेच तीन शब्द.
रंगाचा डबा मात्र दर खेपेला मागून घ्यावा लागतो.

कातळपाडा मुक्कामी, सायंकाळी ५.४०.
पिवळ्या रंगात, पेंटर तांडेलच्या हातचं.
त्याचा 'क' नेहमी पोट सुटल्यासारखा.
ती गाडी दोन वर्षं गेलीच नव्हती.
आधी मोरी खचली, मग चालक कमी पडले,
तिसरं कारण कुणी विचारलंच नाही.
एके काळी चालक-वाहक तिथे शाळेच्या ओट्यावर झोपायचे,
कुणाच्या तरी घरून नागलीची भाकरी यायची,
पहाटे इंजिनाच्या आवाजानं पाडा उठायचा.
ओळ तशीच राहू दिली मी.
म्हटलं, पुसली तर
गाडी परत मागायला पुरावा काय उरेल?
खरं सांगायचं तर
स्टूलही मोडलं होतं.

मग एका सकाळी चांगुणा मेंगाळ आली.
खिडकीशी वाकली नाही, सरळ आत आली.
तिचा वाळू काल उलव्याहून आला होता,
आठ महिन्यांनी, सेंट्रिंगच्या कामावरून,
पिशवीत आईसाठी नवा कुकर.
फलक वाचला आणि बसला बाकावर.
साडेपाच. सात. दहा.
रात्र तिथंच काढली, कुकर उशाला घेऊन.

"पोरगा वाचाया शिकला म्हनून फसला, साहेब.
मला वाचता येत न्हाय,
मी इचारलं असतं."

मी काही बोललो नाही.
ती म्हणाली,
"न्हाय तर न्हाय लिवा.
न्हाय हे बी कळाया पायजे ना मानसाला."

आगारप्रमुख म्हणाले, 'बंद' लिहू नका.
कागदोपत्री ती तात्पुरती स्थगित आहे.
तात्पुरती हा शब्द त्यांनी
पेनाचं टोपण लावत उच्चारला.

केळ्यांचा क्रेट पालथा घालून चढलो,
आणि ५.४० च्या पुढे खडूनं लिहिलं:
आज नाही.
यात कागदही खोटा ठरत नव्हता, वाळूही फसत नव्हता.
फक्त खडू दिवसभरात
पाठी टेकणाऱ्यांच्या सदऱ्यांवर निघून जातो,
म्हणून रोज लिहावं लागतं.
रोज एकदा खात्री करावी लागते
की आजही नाहीच.

तेव्हापासून डोळखांबच्या गाडीचा वाहक
तिकडून चिठ्ठ्या आणतो.
सांगणारी चांगुणा, लिहिणारा कुणीतरी चौथीतला,
जुन्या तिकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:

'मोरीवर पानी गुडघाभर. बाया येऊ नका.'

'डोळखांबपुढं कुसा हिंदोळाची जीप. सोमवारी नाही.
सासरा वारला.'

'दवाखान्याची ताई बुधवारी आलीच नाही. बुधवार खोडा.'

मी खोडतो, लिहितो.
खडूची एक कांडी आता चार दिवस पुरत नाही.
विचारणारे मोजके, दिवसाला दोघे-तिघे,
कधी कुणीच नाही.
तरी कुणीच नाही त्या दिवशीही
जीपची वेळ चुकीची असली की
जेवणाचा डबा उघडवत नाही मला.

परवाची चिठ्ठी अशी:

'वळनावरची चिंच पडली वाऱ्यानं.
गाडी आली तर वळाया आता जागा जास्त हाय.'

फलकावर हे कुठे बसवावं, कळेना.
नोंदवही उघडली,
शेरा रकान्यात जशीच्या तशी उतरवली.
मग क्रेट ओढला.
पाच चाळीसची वेळ व्हायची होती.