अबोड

लोस्टॉफ्टच्या कोर्टात एकोणीस वर्षं
मी लोकांचे पत्ते टाइप करते.
ज्यांना पत्ता नाही त्यांच्यासाठी तीन अक्षरं:
एन, एफ, ए.
नो फिक्स्ड अबोड.
साधं घर म्हणायला कायद्याची जीभ रेटत नाही.
तो ठेवणीतला शब्द काढतो,
लग्नात आलेल्या काचेच्या वाटीसारखा,
आणि काढतो नेमका त्यांच्यासाठी
ज्यांच्याकडे वाटी ठेवायला फळी नसते.

ऑसबर्न कॅचपोलचा गुन्हा किरकोळ होता.
बंदरातून उचललेला
डांबराचा अर्धा डबा.
"बाई," तो थेट मलाच म्हणाला,
"सगळं लिहा. तीन अक्षरांतून वारा आत येतो."
आणि मग,
"फिक्स्ड नाही कसं?
एकशे साठ खिळे मारलेत. मोजून."
कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटबाई खोकल्या.
मी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं
एकशे साठ लिहून ठेवलं.

मार्चमध्ये बघायला गेले.
भरतीच्या रेषेपासून वीस पावलं वर
पालथी घातलेली मासेमारीची होडी,
तळ आभाळाकडे, डांबर ताजं.
टोपी काढून तो कमरेत वाकला,
"वेलकम टू माय हम्बल अबोड!"
आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतका हसला
की दमा उसळला.
मीच मग केटली ठेवली.
ओल्या लोकरीचा वास. वाकून बसायचं.
दाराशी दोन खिळे, एकावर त्याचा कोट.
दुसरा?
"येणाऱ्याचा," म्हणाला.
"एकशे एकसष्टावा. कोर्टात सांगितला नाही."

माझ्या घराला पितळी नंबर आहे.
आर्थर गेला त्या आठवड्यात
त्याच्या कोटाचा हूक मी उपटला,
भोकात लांबी भरली, वरून रंग दिला.
अजून कळतं कुठे होता ते.

शाळेत थर्टलबाई घोकून घ्यायच्या:
अबाइड म्हणजे राहणे,
अबोड म्हणजे राहिला.
घराचा हा एवढा भारदस्त शब्द,
आणि निघाला भूतकाळ.

नोव्हेंबरात कौन्सिलनं होडी उचलली.
वाळूत तिच्या आकाराचं कोरडं राहिलं,
दुपारपर्यंत.
तो कुठे गेला हे कुठल्याच कागदावर नाही.
कागद माझ्याच हातून जातात,
मी पाहिलंय.

आता मी तीन अक्षरं लिहीत नाही.
प्रत्येकाचं पूर्ण टाइप करते,
मधली जागा सोडून, मोठी अक्षरं मोठी ठेवून.
हेडक्लार्क म्हणतो, शाई काय फुकट येते?
मी म्हणते, बाहेर वारा आहे.