अकरा सेंटिमीटर

कोबाल्टच्या उत्तरेला, डांबरी रस्ता संपतो तिथं
'लून लेक सिल्व्हर' अशी पाटी असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी सात हिवाळे दगड कापला.
ड्रिलनं जमिनीतून उपसलेल्या गोल कांड्या,
हिऱ्याच्या पात्याखाली मधोमध चिरायच्या.
अर्धी पिशवीत, प्रयोगशाळेला.
अर्धी परत पेटीत, साक्षीला.

करडा दगड. करडं पाणी. बाहीवर करडा चिखल.
तीनशे बारा पेट्या.
कोणी विचारलं असतं तर आकडा सांगितला असता.
कोणी विचारलं नाही,
मीही मला विचारलं नाही.

तीनशे तेराव्या पेटीत पात्याचा आवाज बदलला.
कुरकुर थांबली, पातं जरा चिकटल्यासारखं झालं,
पाणी ओघळून गेलं आणि पांढऱ्या शिरेत,
गुलाबी बुरशीला लागून,
चांदी.
शेवाळासारखी फुटलेली, ओली.
मी हातमोजा काढून अंगठा फिरवला.
पट्टी लावली. अकरा सेंटिमीटर.
पुन्हा लावली.

कंपनीनं खोटं काही छापलं नाही.
हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांना चोर हवा असतो.
टनाला किती ग्रॅम, ते ठळक होतं;
जाडी खाली होती, अकराच;
आणि त्याखाली मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत
की ही खाण नव्हे, साठा सिद्ध नाही,
आणखी पैसे लागतील, ते मिळतीलच असं नाही.
सगळं खरं.
मी ते वाचलं नाही. मला वाचायची काय गरज?
माझा तर अंगठा लागला होता.

नऊ सेंटचा शेअर आठवड्यात एकतीसवर.
मी घेतले, आणि ह्युगेटच्या खानावळीत
अंड्यांची वाट बघत असताना हळू आवाजात म्हणालो,
मी पाहिलीय. या डोळ्यांनी.
तिच्याकडे छपराचे नऊ हजार डॉलर होते.

पुढचं भोक करडं. त्याच्या पुढचंही.
पैसे संपले तसे कंपनीनं नवे शेअर काढले,
मग आणखी, मग आणखी.
ह्युगेटला समजावायला गेलो तर तिनंच मला थांबवलं:
"वाटाण्याचं सूप आहे हे, ओव्हिला.
माणसं वाढली की मी पाणी घालते.
पातेलं मोठं दिसतं."
मग एका सोमवारी दहाचा एक झाला.
मग नाव बदललं, लून लेकची लिथियम झाली,
तळं तेच, शेड तीच,
पाटीवर नवा रंग देणाराही मीच.

विकायचं म्हटलं तेव्हा
पडद्यावर भाव होता, घेणारा नव्हता.
चार सेंट, चार सेंट, दिवसभर चार सेंट,
रिकाम्या दुकानात दिवा चालू ठेवावा तसा.

चांदी झालीच नाही असं नाही.
टोरांटोच्या अध्यक्षांना पगार पोचत होता,
ड्रिलवाल्यांची बिलं चुकती झाली,
मलाही तासाचे तेवीस मिळत होते.
ह्युगेटच्या छपराखाली तीन बादल्या,
वितळत्या बर्फाच्या महिन्यात पाच.

ती मला अजून कॉफी देते.
पैसे घेते, मोजून, सुटे परत करते.
त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

परवा रेडिओवर सांगितलं की चांदी वधारली,
कित्येक वर्षांत नव्हती इतकी.
दोन पोरं टेबलावरून उठून फोन काढून बाहेर गेली.
ह्युगेटनं फडकं पिळलं.
"म्हणजे आपली अजून तिथंच आहे ना?"

आहे, म्हणालो.
दोनशे चाळीस मीटर खाली.
आणि त्या भोकाची अर्धी कांडी
कुलूपबंद शेडमध्ये, तीनशे तेराव्या पेटीत.

"किती रुंद म्हणालास?"

मी दोन बोटं ताणून दाखवली.
तिनं त्या फटीतून माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ,
आणि बादली बदलायला आत गेली.